आता पिक्चर कुणाचा?

१९८७ च्या कोजागिरीला आमच्या वाड्यात पहिल्यांदा रंगीत टीव्ही आला. आला म्हणजे एका रात्रीपुरता, भाड्याने, हातगाडीवर गोधडीत गुंडाळून. सोबत व्हीसीआर आणि तीन कॅसेट. घरटी दहा रुपये वर्गणी होती. ज्यांच्या घरी आधीच टीव्ही होता ते दहा रुपये काढायला तयार नव्हते, तेव्हा वाड्यातल्या पोरांनी एकच मुद्दा लावून धरला होता: काकू, तुमचा ब्लॅक अँड व्हाइट आहे, हा रंगीत आहे.

पहिला पिक्चर मारामारीचा झाला, दुसरा मराठी विनोदी. तोवर मसाला दूध एकदा फिरून दुसऱ्यांदा तापायला ठेवलं होतं. तिसऱ्या कॅसेटवरचा कागद फाटलेला होता. दुकानातला पोऱ्या म्हणाला होता, "इंग्लिश आहे, भुताचा आहे, घेऊन जा." रात्री दीडच्या सुमाराला ती लावली. पडद्यावर करड्या पट्ट्या सरासरा सरकायला लागल्या, नावं मधोमध तुटून इकडची तिकडे गेली आणि मग एक शहर दिसलं. तेही करडंच.

"अरे, कलरचं बटण फिरव की."

बटण फिरवलं. टीव्हीच्या पाठीवर थाप मारून झाली, वायर हलवून झाली. शेवटी आमच्या वाड्यातले कॉलेजात शिकवणारे काका चष्मा पुसत म्हणाले, "पिक्चरच ब्लॅक अँड व्हाइट आहे." त्यावर जो गहजब झाला तो मला अजून ऐकू येतो. रंगीत टीव्हीचे पैसे भरायचे आणि पिक्चर काळा-पांढरा बघायचा, ही उघड उघड फसवणूक होती. दोन बिऱ्हाडं उठून झोपायला गेली. बाकीचे बसून राहिले, कारण कोजागिरी होती, दूध अजून यायचं होतं आणि भाडं सकाळपर्यंतचं भरलेलं होतं.

पिक्चर होता दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको'. १९६० सालचा, म्हणजे त्या रात्री सत्तावीस वर्षांचा. मी तेरा वर्षांचा होतो. हिचकॉक हे नावही आमच्यापैकी काकांशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवट काय आहे, कोण मरतं, कोण मारतं, कशाचाच पत्ता नाही. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या माणसाला जसा प्रेक्षक हवा होता तसाच आम्ही होतो, अगदी तंतोतंत. अमेरिकेत तेव्हा लोक पिक्चर मध्यावर आल्यावरही थिएटरात शिरायचे, उरलेला बघायचे, मग पुढच्या खेळाला सुरुवात बघून निघायचे. त्याने 'सायको'साठी नियमच काढला की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. थिएटरच्या दारात त्याचे स्वतःचे घड्याळाकडे बोट दाखवणारे फोटो उभे केले होते. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा तर रात्री दहालाच बंद व्हायचा.

इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. काका जमेल तसं मराठीत सांगत होते. हिरॉईन ऑफिसात कामाला आहे. तिचं लग्न पैशांवाचून अडलंय. साहेबाने बँकेत भरायला दिलेले चाळीस हजार तिने पर्समध्ये घातले आणि गाडी घेऊन निघालीय. चाळीस हजार म्हटल्यावर वाडा जागा झाला. त्यात काकांनी सांगितलं, डॉलर. तेव्हा डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता, कुणीतरी बोटांवर हिशेब करून सव्वापाच लाख जाहीर केले आणि पुढचा अर्धा तास सगळ्या वाडाभर एकच चिंता: पैसे सापडतील का? रस्त्याच्या कडेला गाडीतच झोपलेली ती जागी होते आणि काचेबाहेर काळ्या चष्म्याचा पोलीस उभा असतो, तेव्हा माझी आई हातातला ग्लास तसाच धरून बसली होती. ग्लासातल्या दुधावर जाड साय आली होती.

मग पाऊस, रात्र, ते मोटेल. बारा खोल्या, बाराही रिकाम्या, कारण हायवे दुसरीकडून गेला. ते चालवणारा पोरगा गोड आहे, थोडा अडखळत बोलतो. तिच्यासाठी सँडविच आणि दूध घेऊन येतो. "बघा, इथेही दूध आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नंतर ती खोलीत जाऊन कागदावर वजाबाकी करते. चाळीस हजारातून गाडीचे सातशे गेले. काका म्हणाले, "ती परत जायचं ठरवतेय. पैसे परत करणार." बायकांनी निःश्वास सोडला. ती कागद फाडून संडासात टाकते, पाणी सोडते. त्या काळी अमेरिकन सिनेमात संडासाचं पाणी वाहताना दाखवणं हेच मोठं धाडस होतं, असं मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आमच्याकडे एवढंच झालं की खालच्या माई म्हणाल्या, "ई, हे काय दाखवतायत."

आणि ती अंघोळीला गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे: शॉवरचा पडदा सरकतो, सुरी येते आणि तिचा खून होतो. मला आठवतो तो आवाज. भाड्याच्या टीव्हीचा फाटका स्पीकर, त्यातून ती व्हायोलिनं. आमच्या विहिरीचा रहाट कोरडा पडला की कुरकुरायचा तसं, फक्त पार वरच्या पट्टीत आणि सुरी वर-खाली व्हावी तसं. सगळं पाऊण मिनिटात संपलं. ती खाली घसरली, पडद्याच्या कड्या एकेक सुटत गेल्या, पाणी जाळीकडे वाहत राहिलं. कुणीच बोलेना. मग मागून, ओट्यावर बसलेल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज आला. घाबरल्या नव्हत्या त्या, वैतागल्या होत्या.

"हिरॉईनच मेली. आता पिक्चर कुणाचा?"

माझ्या मते 'सायको'वर इतकी पुस्तकं निघाली, पण याच्यापेक्षा नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. पिक्चर निम्माही झालेला नव्हता. जिच्या गाडीत आपण बसलो होतो, जिच्या पैशांची आपल्याला काळजी होती, ती गेली. ते पैसे पलंगाजवळ पेपरात गुंडाळून पडलेत आणि आपल्याला धरायला कुणी राहिलेलं नाही. धरायला उरला तो एकटा पोरगा. तो धावत येतो, तोंडावर हात धरतो, मग बादली आणि पोछा आणून न्हाणी धुवायला लागतो.

तो बराच वेळ धूत राहतो. संवाद नाही, घाई नाही. फरशी पुसतो, टब पुसतो, हात धुतो, पडद्यात गुंडाळलेलं प्रेत तिच्याच गाडीच्या डिकीत ठेवतो, तिचे कपडे गोळा करतो. पेपर तेवढा राहतो. आणि आमच्या वाड्यातले पस्तीस-चाळीस लोक, सत्यनारायण घालणारे, एकादशी धरणारे, ओरडायला लागले: "अरे पेपर! पेपर राहिला! मागे बघ!" खुन्याला मदत करत होते सगळे. (खुनी त्याची आई आहे असं तेव्हा आम्ही धरून चाललो होतो, पण पुरावा नाहीसा करायला आम्ही मदत करत होतो हे खरं.) त्याने शेवटी वळून पेपर उचलला, डिकीत टाकला, तेव्हा वाड्यात समाधान पसरलं. गाडी दलदलीत ढकलली. ती बुडायला लागली. आणि अर्ध्यावर थांबली. पांढुरकं टप वर राहिलं. पोरगा काहीतरी चघळत उभा होता, त्याचं चघळणं थांबलं.

"अगं बाई, अडकली," आई म्हणाली. तिच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.

मग बुडबुडे आले, गाडी आत गेली, आणि कुणीतरी म्हणालं, "गेली एकदाची."

फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने हिचकॉकची लांबलचक मुलाखत घेतली होती, त्यात हा प्रसंग येतो. हिचकॉक म्हणतो की गाडी थांबते त्या क्षणी सगळ्या प्रेक्षकांच्या मनात एकच असतं, ही पूर्ण बुडू दे. ते वाचताना मला आईचा आवाज ऐकू आला. कुठे त्याचं हॉलिवूड आणि कुठे सांगलीतला शेणाने सारवलेला चौक. त्याने आम्हाला न बघताच ओळखलं होतं.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं उलगडून सांगतो, की पोराची आई कधीच मेलेली आहे आणि तिचे कपडे घालून खून तोच करत होता, तेव्हा काकांची खरी परीक्षा झाली. त्यांनी दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व वगैरे सांगायला सुरुवात केली. माई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे म्हातारी त्याच्या अंगात येत होती होय?" काका म्हणाले, तसं नाही. पण बाकी सगळ्यांना पटलं होतं. विषय संपला.

माझी भीती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. आमच्याकडे शॉवर नव्हता, टब नव्हता, पडदा नव्हता. चौकापलीकडे न्हाणीघर होतं: बंब, घंगाळ, तांब्या, आणि पावसाळ्यात फुगून बसलेलं लाकडी दार. दाराची कडी कोयंड्यात बसायची नाही. आत गेलं की पाण्याने भरलेली बादली दाराला टेकवून ठेवायची, म्हणजे कुणी ढकललं तर कळेल. त्या पिक्चरआधी ती बादली लाजेखातर होती. नंतर दिवाळीपर्यंत मी डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले नाहीत. साबण डोळ्यांत जायचा, पण डोळे उघडे. आणि मोठमोठ्याने गाणी म्हणायचो. हिचकॉक एक किस्सा सांगायचा. कुण्या बापाने त्याला पत्र लिहिलं होतं: एक फ्रेंच पिक्चर बघून मुलीने टबात बसणं सोडलं, आता तुमचा बघून शॉवर सोडला, मी काय करू? त्याने उत्तर धाडलं, ड्रायक्लीनिंगला द्या. त्याला आमचं न्हाणीघर दाखवलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

आईला मात्र त्या रात्री फारशी भीती वाटली नाही. तिचं म्हणणं, गाणं नाही तर भीती कसली. ती 'बीस साल बाद' आणि 'वो कौन थी' बघून वाढलेली. तिच्यासाठी भीती म्हणजे धुकं, पांढरी साडी आणि लांबून येणारा लताबाईंचा आवाज. रात्री रेडिओवर 'कहीं दीप जले कहीं दिल' लागलं की ती उठून बंद करायची, नव्वद सालापर्यंत करायची. ती भीती मला कधीच झाली नाही. माझ्या पिढीपर्यंत येईतो पांढऱ्या साडीचा विनोद झाला होता, स्नेहसंमेलनात पोरं साडी नेसून मेणबत्ती घेऊन यायची आणि हशा व्हायचा. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्या व्हायोलिनांचंही एक दिवस हेच होणार आहे.

ते गेल्या दिवाळीत झालं. भाची आणि तिची मैत्रीण दोघी सीएची आर्टिकलशिप करतात, सुट्टीला माझ्याकडे पुण्यात होत्या. धाकटा भाचा इंजिनिअरिंगला. तिघंही रात्री जेवताना असले पिक्चर बघतात की मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जातो. कोरियन, इंडोनेशियन, आतडी बाहेर, डोळे बाहेर, आणि ही पोरं लसणाची चटणी मागतायत. भाची म्हणाली, "मामा, तुला खरंच भीती वाटलेला एक पिक्चर लाव ना."

लावला. सुरुवातीलाच मैत्रीण म्हणाली, "काका, हा असाच आहे का, ब्लॅक अँड व्हाइट?" मला सदतीस वर्षांपूर्वीचा वाडा आठवून हसू आलं. पण प्रश्न तोच असला तरी तक्रार वेगळी होती. आमच्या घरी टीव्हीच काळा-पांढरा होता, त्यामुळे रंगीत पिक्चरसुद्धा आम्ही काळे-पांढरेच बघत होतो; नायिकेची साडी लाल की हिरवी हे आम्ही ठरवायचो. काळं-पांढरं म्हणजे जुनं, असं आमच्या डोक्यात नव्हतं. भाचीच्या फोनमध्ये तो एक फिल्टर आहे. मन उदास असलं की ती फोटोला लावते.

हिचकॉकनेसुद्धा तो निवडूनच लावला होता. आदल्याच वर्षी त्याने मोठा खर्चिक रंगीत पिक्चर केला होता, पैशाला तोटा नव्हता. 'सायको' त्याने टीव्ही मालिकेची माणसं घेऊन, आठेक लाख डॉलरांत काढला. स्वस्तात काढायचा होता हे एक, आणि न्हाणीतून वाहणारं लाल रक्त लोकांना सहन होणार नाही हे दुसरं. काळ्या-पांढऱ्यात रक्त काळं दिसतं, त्यामुळे चॉकलेटचं सिरप वापरून भागलं. १९९८ साली गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने तोच पिक्चर जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत काढला. मी तो बघितला आहे. त्यात रक्त लाल आहे, भिंती आपापल्या रंगात आहेत, संगीतही तेच आहे, आणि मी तो बघताना शांतपणे चहा प्यायलो. अंघोळीच्या प्रसंगात कप खाली ठेवावा असंही वाटलं नाही. तेच शॉट, तीच व्हायोलिनं असून असं का व्हावं, याचं नीट उत्तर मला देता येत नाही. एवढं वाटतं की जुन्यात ती जाळी, तो डोळा, तो काळा ओघळ इतका कोरा आहे की त्यात आपलं न्हाणीघर बसतं. रंगीतमध्ये ती कुणाची तरी अमेरिकेतली बाथरूम राहते.

पोरांकडे माझं लक्ष होतं, पडद्याकडे कमी. पैसे चोरण्यात त्यांना रस नव्हता; चाळीस हजार म्हटल्यावर भाचा म्हणाला, "एवढ्यात फोन पण येत नाही." डॉलर म्हटल्यावरही फार फरक पडला नाही. "ऑडिटमध्ये सोमवारीच सापडेल," भाची म्हणाली, व्यावसायिक तिरस्काराने. काळ्या चष्म्याच्या पोलिसाने मात्र दोघी जरा सावरून बसल्या. तो काही करत नाही, नुसता लायसन्स बघतो. पण ती निघते आणि तो मागे गाडी ठेवून येतच राहतो.

मग मोटेल आलं. पोरगा रजिस्टर पुढे करतो, ती खोटं नाव लिहिते आणि लॉस एंजेलिसची म्हणून सांगते. त्याचा हात किल्ल्यांच्या फळीकडे जातो. एका किल्लीवर थांबतो. मग तिथून सरकून एक नंबरची काढतो, ऑफिसला लागून असलेल्या खोलीची. हा प्रसंग मी चार-पाचदा बघितला असेल, हाताचं ते थांबणं मला कधी दिसलं नव्हतं.

"बघितलंस?" मैत्रीण भाचीला म्हणाली. "त्याने बदलली."

पुढे बैठकीच्या खोलीत तो तिला जेवायला बसवतो. भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी, पंख पसरलेलं घुबड. तो आईबद्दल बोलतो, स्वतः खात नाही, ती पक्ष्यासारखं खाते म्हणतो. त्या पोराचं काम करणारा अँथनी पर्किन्स काय देखणा आणि बिचारा दिसतो. वाड्यातल्या बायकांना तो फार आवडला होता. "आईचं करतो बिचारा," असं एकमत होतं. इथे भाची उशी पोटाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "फार गोड बोलतोय हा. निघ तिथून."

ती निघते, आपल्या खोलीत येते. तो भिंतीवरचं चित्र खाली काढतो. मागे भोक आहे. भोकाला डोळा लावतो. कॅमेरा बाजूने, अगदी जवळून, तो डोळा दाखवतो. भोकातून आलेला उजेड बाहुलीवर पडलेला आहे.

वाड्यात या प्रसंगाला दोन-चार वयात आलेली पोरं खिदळली होती. बायकांनी दुसरीकडे बघितलं होतं. भीती वगैरे कुणालाच वाटली नव्हती. चावटपणा होता तो, झालं. मागच्या दिवाळीत माझ्या हॉलमध्ये इतकी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू आली. भाच्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघून मिटलं.

मैत्रिणीने पिक्चर थांबवला. म्हणाली, "आपण ते लॉज." भाची म्हणाली, "हो."

मग मला कळलं. बँकेच्या ऑडिटसाठी या मुलींना गावोगाव पाठवतात. मार्चएंडनंतर दोघी एका तालुक्याच्या गावी आठवडाभर होत्या. बायपास झाल्यापासून जुन्या रस्त्यावरची लॉजं ओस पडलेली. त्यातल्याच एकात फर्मने खोली घेतली होती. त्या मजल्यावर दुसरं कुणी नाही. मॅनेजर अतिशय सज्जन, रोज विचारायचा, ताई, काही हवंय का. पहिल्या रात्री त्याने आधी दिलेली खोली बदलून दुसरी दिली, एसी चांगला आहे म्हणून. बस, एवढंच. काहीही झालं नाही. पण खोलीत गेल्यावर काय करायचं हे त्यांचं ठरलेलं असतं, ते त्या मला सांगत होत्या, पाककृती सांगावी तशा. आधी दिवे बंद करायचे. फोनचा टॉर्च लावून आरशावर, एसीवर, स्मोक डिटेक्टरवर, सॉकेटवर फिरवायचा, भिंगासारखं काही चमकतंय का बघायचं. आरशाला बोट लावून बघायचं. बाथरूममधले हुक बघायचे. खिडकीच्या फटीत टिश्यू कोंबायचे. मग अंघोळ. "आणि तरी मी टीशर्ट घालूनच केली आठवडाभर," मैत्रीण म्हणाली आणि हसली.

मी त्यांना माझी बादली सांगितली नाही. सांगावीशी वाटली होती.

पिक्चर पुन्हा सुरू झाला. आता अंघोळ येणार होती, आणि तिघांनाही ती तोंडपाठ होती. मीम्समध्ये, जाहिरातींमध्ये, कार्टूनमध्ये त्यांनी ती शंभरदा बघितली होती, बघायच्या आधीच. व्हायोलिनं सुरू झाली तेव्हा भाच्याने हवेत सुरी चालवून दाखवली. "चॉकलेट सिरप ना हे?" "आणि आवाजासाठी खरबुजात सुरी खुपसली होती." ते सगळं बरोबर आहे. तो प्रसंग घ्यायला सात दिवस लागले. पर्किन्स तेव्हा सेटवरच काय, त्या शहरातही नव्हता, सुरी धरणारं दुसरंच कुणी होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने अख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि हिचकॉकला तर या प्रसंगाला संगीतच नको होतं, नुसतं पाणी हवं होतं. हरमनने तरी लिहून ऐकवलं आणि तो मुकाट्याने मागे सरला. मीही हे सांगत बसलो, मामाला अशी संधी सोडवत नाही. तिघं हसत होते. दोघी मुली मात्र त्या विनोदाला हवं त्यापेक्षा जरा जास्तच हसत होत्या, असं मला वाटलं. हसायला मिळालं म्हणून हसत असाव्यात.

म्हणजे 'सायको'ने अजून भीती वाटते का, या प्रश्नाचं माझ्या हॉलमधलं उत्तर असं निघालं: जिथे वाटायला हवी तिथे नाही, आणि जिथे आम्हाला वाटली नव्हती तिथे वाटली. आम्ही सुरीला घाबरलो. त्यांच्यासाठी सुरी म्हणजे सुटका होती, निदान काहीतरी उघडपणे घडलं. हिचकॉकच्या मनात ते भोक किती महत्त्वाचं होतं मला माहीत नाही. १९६० साली ते भिंतीत होतं, चित्रामागे, आणि त्याच्या पलीकडे एकच माणूस उभा होता. या मुली ज्या भोकाला शोधतात ते टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि त्याच्या पलीकडे किती माणसं उभी असतील ते मोजता येत नाही. पर्किन्सचा तो डोळा जवळून बघताना त्यांना हे सगळं दिसत असणार. मला दिसत नव्हतं. मला इतकी वर्षं त्या प्रसंगात फक्त एक विकृत माणूस दिसत होता.

दलदलीत गाडी थांबली तेव्हा भाचा पुढे झुकला आणि म्हणाला, "बुडत का नाहीये?" मग स्वतःच चपापला. "मी कुणाच्या साइडने आहे?" मला वहिनी आठवल्या. त्या आता नाहीत.

शेवटच्या भागात सगळे ढेपाळले. मानसोपचारतज्ज्ञाचं भाषण सुरू झालं तसे तीन फोन बाहेर आले, आणि मी कुणाला दोष देत नाही. इतका घट्ट विणलेला पिक्चर तिथे एकदम वर्गात जाऊन बसतो. शिवाय आता ते भाषण ऐकताना अवघडल्यासारखं होतं. बाईचे कपडे घालणारा पुरुष म्हणजे खुनी, मनाने आजारी असणारा म्हणजे खुनी, ही समजूत अशा पिक्चरांनी जगभर पक्की केली, आणि ज्यांचा खुनाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांनी ती भोगली. भाची म्हणाली, "हे आज चालणार नाही, मामा." नाहीच चालणार. माईंचं अंगात येणं मला त्या भाषणापेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं. त्यात निदान तो पोरगा भुताने धरलेलं झाड होता, राक्षस नव्हता.

मात्र त्यानंतरचा छोटासा प्रसंग आहे. कोठडीत घोंगडी पांघरून तो बसलाय, हातावर माशी आहे, तो ती मारत नाही, आणि मान वर करून थेट आपल्याकडे बघून हसतो. फोन खाली गेले. कुणी काही बोललं नाही. साखळीने गाडी दलदलीतून वर यायला लागली आणि संपलं.

"ठीक होता," भाचा म्हणाला. "भीती नाही वाटली."

"नाही," मैत्रीण म्हणाली. "भीती अशी नाही."

रात्री बारा वाजून गेले होते. मी दिवे मालवून झोपलो. मुलींच्या खोलीतून बराच वेळ कुजबुज ऐकू येत होती, मग बाथरूमचा नळ, मग काही नाही.

सकाळी चहा घेऊन बसलो तर आदल्या दिवशीचा पेपर सापडेना. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं. सोफ्याखाली बघितलं, रद्दीत बघितलं, भाच्याला उठवून विचारलं. मग तोंड धुवायला बाथरूममध्ये गेलो. आमच्या बाथरूमला डक्टकडे उघडणारी काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, दोन पट्ट्या कधीच्या तुटलेल्या. सोसायटीला सांगून सांगून थकलो, मग विसरून गेलो. पलीकडे नुसती भिंत आणि पाइप आहेत. त्या दोन पट्ट्यांच्या जागी पेपर घडी घालून नीट बसवला होता, कडांना केसांच्या दोन क्लिपा लावून. शब्दकोडं आतल्या बाजूला होतं. मी तिथेच उभा राहून आडवा सातवा सोडवला, आणि पेपर तसाच राहू दिला.